थोरॅसिक मणका हातात आला की काय बघायचं

मणका हातात घेतलात की पहिल्यांदा बॉडीची, म्हणजे त्याच्या जाड मुख्य भागाची, बाजू बघा. समोरचा भाग नाही, मागची स्पाइन, म्हणजे पाठीकडे निघालेला काटा, तर नाहीच. बॉडी आणि पेडिकल (बॉडीपासून मागे जाणारा आखूड खांब) जिथे जुळतात त्या कोपऱ्यात गुळगुळीत, किंचित खोलगट जागा दिसली, तर तो मणका थोरॅसिक, म्हणजे छातीच्या भागातला. विषय संपला. बॉडीचा बदामी आकार, मज्जारज्जूचं गोल छिद्र, खाली झुकलेली स्पाइन ही सगळी लक्षणं खरी आहेत, पण ती नंतरची.

मी अ‍ॅनाटॉमी शिकवते, आणि पहिल्या वर्षाची मुलं दरवर्षी याच्या उलट क्रमाने बोलतात. 'मॅडम, बॉडी हार्ट शेप्ड आहे, स्पाइन लांब आहे, म्हणून थोरॅसिक.' मग मी त्यांच्या एका हातात टी १, म्हणजे बारा थोरॅसिक मणक्यांतला वरून पहिला, ठेवते आणि दुसऱ्या हातात टी १२, म्हणजे शेवटचा. टी १ ची बॉडी मानेच्या मणक्यासारखी आडवी, पसरट. टी १२ ची स्पाइन आखूड, जाड, थेट कमरेच्या मणक्यासारखी. पाठ केलेलं लक्षण दोन्हीकडे लागू पडत नाही, आणि तरी दोन्ही मणके थोरॅसिकच. दोघांत समान काय, तर बरगडी टेकायची जागा. मानेच्या मणक्याच्या ट्रान्सव्हर्स प्रोसेसला, म्हणजे बाजूला निघालेल्या फाट्याला, भोक असतं. कमरेच्या मणक्याला भोकही नसतं आणि बरगडीची फॅसेट, म्हणजे टेकायची ती गुळगुळीत जागा, तीही नसते. बाराच्या बारा थोरॅसिक मणक्यांना मात्र बॉडीवर, किंवा अगदी खालच्या दोघांत पेडिकलकडे सरकलेली, फॅसेट असतेच. हा मणका समजून घ्यायचा म्हणजे त्याला चिकटणारी बरगडी समजून घ्यायची. बाकीची बरीचशी वैशिष्ट्यं तिच्या मागोमाग येतात.

आधी नीट धरा

मणका उलटा धरून केलेलं वर्णन कितीही घोटून पाठ केलेलं असलं तरी चुकतंच, कारण वरची फॅसेट खालची होऊन बसते. बॉडी स्वतःपासून लांब, स्पाइन स्वतःकडे, म्हणजे तुम्ही त्या माणसाच्या पाठीमागे उभे आहात असं समजा. तुमचा डावा हात ती त्याची डावी बाजू. आता वर कुठलं आणि खाली कुठलं? बहुतेक जण स्पाइनचं टोक खाली करतात आणि मोकळे होतात. चांगल्या हाडात तेवढं पुरतं. पण वर्षानुवर्षं मुलांच्या हाताळणीतून गेलेल्या बोनसेटमध्ये स्पाइनचं टोक हमखास तुटलेलं असतं, ट्रान्सव्हर्स प्रोसेसचीही तीच गत. तेव्हा पेडिकल बघा. त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला खाच असते. वरची उथळ, जेमतेम जाणवणारी. खालची चांगली खोल. खोल खाच खाली आली की मणका सुलटा. खात्री करायची असेल तर वरच्या आर्टिक्युलर प्रोसेसच्या (शेजारच्या मणक्याशी सांधा करणाऱ्या फाट्यांच्या) फॅसेट बघा. त्या तुमच्याकडे, म्हणजे मागे तोंड करून असतात. खालच्यांचं तोंड पुढे असतं, त्यामुळे त्या बघायला मणका फिरवावा लागतो.

एक सूचना. हाडावर शाईने लिहिलेल्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. कुणीतरी कधीतरी घाईत लिहिलेला असतो, आणि वरून वार्निश मारल्यामुळे तो वेदवाक्य वाटायला लागतो. वार्निशचा आणखी एक त्रास म्हणजे फॅसेटची कड बुजते. अशा वेळी डोळ्यांपेक्षा बोट कामाला येतं. अंगठ्याचं नख बॉडीच्या मागच्या कोपऱ्यावरून वरून खाली हळू फिरवा. हाडाचा खरबरीतपणा जिथे एकदम संपतो आणि नख घसरतं ती फॅसेटची सुरुवात. पुन्हा अडकतं ते तिचं टोक. एकदा जमलं की डोळे मिटूनही सापडते. प्लॅस्टिकच्या मॉडेलवर ही युक्ती चालेलच असं नाही. तिथे कड बहुधा रंगवलेली असते, कोरलेली नसते.

एक बरगडी, तीन जागा

आता दोन मणके घ्या, समजा टी ६ आणि टी ७, आणि उजवीकडची सातवी बरगडी. टी ६ च्या बॉडीला खालच्या कडेशी अर्धी फॅसेट आहे. टी ७ ला वरच्या कडेशी अर्धी फॅसेट आहे, आणि ती जरा मोठी आहे. दोन्ही मणके एकावर एक ठेवा. मध्ये डिस्कची (दोन मणक्यांमधल्या गादीची) जागा म्हणून पातळ पुठ्ठ्याचा तुकडा ठेवलात तर उत्तम. छातीच्या भागातल्या डिस्क मानेच्या आणि कमरेच्या मानाने पातळच असतात. आता बाजूने बघा. दोन अर्ध्या फॅसेट आणि मधली डिस्क मिळून एक पूर्ण खोबण तयार झाली आहे. सातव्या बरगडीचं डोकं तिथे बसतं. त्या डोक्यालाही दोन उतार आहेत, मधे एक धार. धारेपासून निघणारं छोटं लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) डिस्कला जाऊन बांधतं.

बरगडी तशीच धरून तिचा पुढचा प्रवास बघा. डोकं, मग मान, मग मागच्या बाजूला एक उंचवटा, ट्यूबरकल. हा उंचवटा टी ७ च्या ट्रान्सव्हर्स प्रोसेसच्या टोकाशी असलेल्या फॅसेटवर टेकतो. टी ६ च्या नाही, टी ७ च्याच. म्हणजे सातवी बरगडी तीन जागी टेकते. दोन जागा टी ७ वर, एक टी ६ वर. एवढं हाताने जुळवून बघितलंत की नियम पाठ करायची गरज उरत नाही. बरगडीचा आकडा तिच्या खोबणीतल्या खालच्या मणक्याचा असतो, आणि मणक्याची वरची अर्धी फॅसेट स्वतःच्या बरगडीसाठी, खालची पुढच्या आकड्याच्या बरगडीसाठी. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, 'ही खालची फॅसेट कुठल्या बरगडीची' हा प्रश्न ठरलेला आहे, आणि नुसतं पाठांतर केलेली मुलं तिथे एक आकडा मागेपुढे होतात.

बरगडीची मान आणि ट्रान्सव्हर्स प्रोसेस यांच्यामध्ये एक फट राहते. सांगाड्यात ती रिकामी दिसते म्हणून दुर्लक्षित राहते, पण जिवंत माणसात तिथे कॉस्टोट्रान्सव्हर्स लिगामेंट भरलेलं असतं.

ट्रान्सव्हर्स प्रोसेसवरच्या फॅसेटकडे पुस्तकात एखाद्या ओळीपलीकडे कुणी लक्ष देत नाही. माझ्या मते या मणक्यातली सगळ्यात बोलकी जागा तीच. वरच्या पाच-सहा मणक्यांत ती खोलगट असते आणि पुढे तोंड करून असते. त्यात बरगडीचा उंचवटा जागच्या जागी फिरतो, बरगडीचं पुढचं टोक वर उचललं जातं आणि छातीचा पिंजरा पुढे येतो. खालच्यांत, म्हणजे टी ७ ते टी १० मध्ये, फॅसेट सपाट होते आणि तिचं तोंड वर वळतं. तिथे उंचवटा फिरत नाही, घसरतो, आणि बरगडी बाजूला उघडते. पंप हँडल (ती पुढे-वर उचलण्याची) आणि बकेट हँडल (ती बाजूला उघडण्याची) ही श्वासाच्या हालचालींची नावं फिजिऑलॉजीच्या तासाला ऐकलेली असतात; त्यांचं कारण इथे हाडावर दिसतं. एका हातात टी ४ आणि दुसऱ्यात टी ९ धरा आणि फक्त या फॅसेटवर बोट ठेवा. खोलगट आणि सपाट, फरक लगेच कळतो.

मागचा भाग

छिद्रात बोटाचं टोक घालून बघा. मधल्या थोरॅसिक मणक्यांत छिद्र लहान आणि गोल असतं. इथून जाणाऱ्या मज्जारज्जूतून हातापायांच्या नसा निघत नाहीत, त्यामुळे तो सडपातळ असतो. टी १ पाशी मात्र हाताकडे जाणाऱ्या नसांसाठी फुगलेल्या भागाचं शेवटचं टोक येतं, म्हणून त्याचं छिद्र मोठं, मानेच्या मणक्यासारखं त्रिकोणी. खाली टी ११, टी १२ कडे पायांच्या नसांसाठी ते पुन्हा रुंदावतं. मधल्या भागात जागा तंग असल्यामुळे इथे गाठ किंवा पू साठला तर मज्जारज्जूवर लवकर दाब येतो. असा रुग्ण पायांतली ताकद गेली म्हणून येतो, हात शाबूत असतात.

पेडिकल सरळ मागे जातात. टी ४ ते टी ६ च्या आसपास ते सर्वांत अरुंद असतात, आणि त्यातून स्क्रू घालणारे सर्जन या भागात जरा जास्तच जपून काम करतात. लॅमिना, म्हणजे पेडिकलपासून स्पाइनपर्यंत जाणारी हाडाची पट्टी, आखूड, रुंद आणि जाड. वरच्याची खालची कड खालच्यावर चढलेली. स्पाइनचंही तेच, विशेषतः टी ५ ते टी ८ मध्ये. तिथे स्पाइन इतकी तिरकी असते की तिचं टोक खालच्या मणक्याच्या बॉडीच्या पातळीला उतरतं. मागून बघितलं तर मध्ये शिरायला फट नाही. लंबार पंक्चर (मज्जारज्जूभोवतीचं पाणी सुईने काढणं) कमरेत करतात त्यामागे मज्जारज्जू एल १-एल २ पाशी, म्हणजे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी, संपतो हे मुख्य कारण, पण कमरेत स्पाइन आडव्या असतात आणि सुईला वाट मोकळी मिळते हेही आहेच.

आर्टिक्युलर फॅसेटबद्दल एवढंच लक्षात ठेवा की वरच्या फॅसेट मागे आणि किंचित बाहेर बघतात. दोन्ही बाजूंच्या फॅसेट जोडून एक कंस काढला तर त्या वर्तुळाचा मध्य बॉडीत पडतो. म्हणून हे मणके एकमेकांवर वळू शकतात. बसल्या जागी पाठ वळवून मागे बघता ते यांच्या जिवावर. पुढे वाकणं, मागे झुकणं यात ते फारसे उदार नाहीत. बरगड्या आणि छातीचं हाड आड येतात.

बॉडी बाजूने मोजली तर मागची उंची पुढच्यापेक्षा किंचित जास्त भरते. एकेका मणक्यात फरक नगण्य वाटतो, बारांची बेरीज झाली की पाठीचा मागे गेलेला बाक तयार होतो. हा बाक गर्भातच असतो; मानेचा आणि कमरेचा बाक मूल मान धरायला आणि उभं राहायला लागल्यावर पक्का होतो. निरोगी प्रौढ माणसात तो साधारण २० ते ४० अंश. पुढची उंची आणखी घटली की बाक वाढतो, मग कारण हाडं ठिसूळ होऊन बॉडी पुढून चेपण्याचं असो किंवा क्षयाचं. मणक्यांचा क्षय बहुतेक वेळा शेजारच्या दोन बॉडींच्या डिस्कलगतच्या भागांत सुरू होतो, पुढचा भाग ढासळतो आणि पाठीवर टोकदार कुबड येतं. पर्सिव्हल पॉट या इंग्लिश सर्जनने १७७९ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून पॉट्स स्पाइन. तारेत ओवलेल्या सांगाड्यावर हा बाक बघू नका. तिथे तो तार वाकवणाऱ्याच्या मर्जीवर असतो.

आकडा कसा ठरवायचा

टी २ ते टी ८ हे ठरावीक साच्याचे. सुट्या हाडावरून 'हा टी ६' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. वरचा, मधला, खालचा एवढं सांगता येतं, आणि परीक्षकालाही तेवढंच हवं असतं. बॉडी खाली खाली मोठी होत जाते हे ढोबळमानाने बरोबर, पण टी १ पासून टी ३ पर्यंत तिची रुंदी आधी थोडी कमी होते आणि मग वाढते. मधल्या मणक्यांत एक गमतीची खूण असते. वरून बघितलंत तर बॉडीची डावी बाजू उजवीपेक्षा जरा दबलेली, सपाट असते. टी ५ ते टी ८ च्या डाव्या अंगाला लागून महाधमनी खाली उतरते, तिचा हा ठसा. प्रत्येक हाडात तो स्पष्ट नसतो. दिसला तर जरूर सांगा, परीक्षक सरसावून बसतात.

टी १ सोपा. आडवी बॉडी, वरच्या दोन्ही कडा किंचित उचललेल्या, स्पाइन जाड आणि जवळजवळ आडवी. वरची फॅसेट पूर्ण गोल, कारण पहिली बरगडी एकट्या त्याच्यावर बसते; खाली दुसऱ्या बरगडीसाठी छोटी अर्धी फॅसेट.

खरी कसोटी खाली आहे. दहावी बरगडी बहुधा टी ९ ला शिवत नाही, म्हणून टी ९ ला वरची अर्धी फॅसेट असते आणि खालची नसते. ती शिवत असेल तर टी ९ अगदी साच्यातला दिसतो, त्यामुळे त्याच्यावर पैज लावू नका. टी १० ला बॉडीच्या वरच्या कडेला एकच फॅसेट, बऱ्याचदा पेडिकलवर थोडी चढलेली, आणि ट्रान्सव्हर्स प्रोसेसवर सहसा दुसरी. टी ११ ला पेडिकलला लागून एक पूर्ण फॅसेट, पण ट्रान्सव्हर्स प्रोसेस छोटी आणि तिच्यावर फॅसेट नाही. अकराव्या आणि बाराव्या बरगडीला टेकायला उंचवटाच नसतो, तर मणक्यावर जागा कशाला असेल?

टी १२ वर जरा थांबा. वरून बघितला तर थोरॅसिक, खालून बघितला तर लंबार, म्हणजे कमरेचा. वरच्या आर्टिक्युलर फॅसेट नेहमीसारख्या मागे बघतात. मणका उलटा करा. खालच्या फॅसेट गोलाकार फुगीर आहेत आणि बाहेर बघतात, कारण त्यांना एल १ च्या कवेत बसायचं आहे. ट्रान्सव्हर्स प्रोसेसच्या जागी तीन गाठी, एक वर, एक खाली, एक बाजूला. बाजूची गाठ ही मूळ ट्रान्सव्हर्स प्रोसेसची उरलेली खूण, आणि वरची-खालची पुढे कमरेच्या मणक्यांत ठळक होत जातात. टी १२ आणि एल १ एकमेकांत बसवा आणि वळवायचा प्रयत्न करा. वळत नाहीत. मग टी ८ आणि टी ९ घेऊन तेच करा. वरचा कणा वळणारा, खालचा न वळणारा, आणि वर बरगड्यांचा पिंजरा ताठ धरून असताना खाली एकदम मोकळं. उंचावरून पडल्यावर किंवा गाडीच्या धडकेत टी १२-एल १ पाशी फ्रॅक्चर वारंवार सापडतात ते यामुळे. फॅसेटच्या दिशेतला हा बदल काही जणांत टी ११ पाशीच झालेला असतो, तेव्हा फक्त खालच्या फॅसेट बघून टी १२ म्हणू नका. बरगडीची फॅसेट आणि तीन गाठी बघूनच बोला.

जिवंत पाठीवर

मित्राला पुढे वाकून बसवा, मान खाली. मानेच्या तळाशी एक-दोन हाडं वर येतील. ठळक दिसतं ते सी ७, म्हणजे मानेचा सातवा आणि शेवटचा मणका, असं गृहीत धरतात, पण टी १ सुद्धा तेवढाच, कधी जास्त, पुढे आलेला असतो. दोन्ही उंचवट्यांवर बोटं ठेवा आणि त्याला मान हळूच मागे न्यायला सांगा. बोटाखालून आत सरकतो तो सी ६, जागेवर राहतो तो सी ७. त्याच्या खालचा टी १. तिथून एकेक मोजत उतरा. पडताळायला दोन खुणा आहेत. हात बाजूला सैल सोडलेले असताना खांद्याच्या फऱ्याचं खालचं टोक टी ७ च्या स्पाइनच्या आसपास येतं, कधी टी ८ कडे सरकतं. फऱ्यावरच्या आडव्या कण्याचं आतलं टोक टी ३ पाशी. मोजणी आणि खुणा यांत एका मणक्याचा फरक पडला तर घाबरू नका. दोनचा पडला तर पुन्हा मानेपासून सुरुवात करा.

आणि हे विसरू नका की बोटाला लागतं ते स्पाइनचं टोक. मधल्या भागात टी ६ चं टोक चाचपलं की त्याच्या पुढे टी ७ ची बॉडी आहे. वरच्या दोन-तीन आणि अगदी खालच्या मणक्यांत टोक आणि बॉडी साधारण एकाच पातळीला.

एक्स-रेवर मोजताना

इथे मोजायला वरून सुरुवात करा. सी ७ च्या ट्रान्सव्हर्स प्रोसेस खाली झुकलेल्या दिसतात, टी १ च्या वर उचललेल्या. तो टी १, त्याला लागलेली ती पहिली बरगडी, आणि तिथून खाली. प्रत्येक बॉडीवर पेडिकलच्या दोन लंबगोल सावल्या आणि मध्ये स्पाइनची सावली दिसली पाहिजे. एखाद्या मणक्यात एका बाजूची पेडिकलची सावली गायब असेल तर ते फिल्मचा दोष म्हणून सोडू नका. शरीरात दुसरीकडे असलेला कॅन्सर हाडात पसरून पेडिकल खाल्लेला असू शकतो.

खालून, शेवटच्या बरगडीवरून मोजणं सोपं वाटतं, पण बारावी बरगडी काहींत इतकी आखूड असते की दिसतच नाही, आणि काहींत एल १ ला छोटी तेरावी बरगडी असते. क्वचित थोरॅसिक मणकेच अकरा किंवा तेरा असतात. एमआरआय असेल तर पूर्ण कण्याचं चित्र मागवून सी २ पासून खाली मोजा. सी २ ला त्याच्या उभ्या खुंटीवरून चुकायला जागा नाही. आणि रिपोर्टमध्ये 'टी ९' असं नुसतं लिहू नका. कुठून मोजत आलात, बरगड्या किती धरल्यात, ते शेजारी लिहा, म्हणजे ऑपरेशन टेबलावर सर्जन त्याच मणक्यावर पोचेल.